कन्फेशन झालं, पण बहिणीचं काय?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे ५२ वर्षांचे, वसई तालुक्यातले, कॅथलिक. अकरा वर्षांपूर्वी वडील वारले, आई त्याआधीच गेली होती. मृत्युपत्र नव्हतं. "सातबाऱ्यावर नावं चढवायची आहेत, तुझी एक सही लागेल" असं सांगून त्यांनी आणि थोरल्या भावाने धाकट्या बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलं आणि हक्कसोडपत्र करून घेतलं. येताना तिला एक साडी घेतली. पुढे वाडी बिल्डरला गेली. भावांना फ्लॅट मिळाले, रोख मिळाली; बहिणीला ती साडी. बहीण अजून दर नाताळात घरी येते. गृहस्थ लिहितात, "हे मी कन्फेशनमध्ये सांगितलंय, दोनदा. फादरांनी पापमुक्ती दिली, प्रायश्चित्ताच्या प्रार्थना केल्या. तरी झोप लागत नाही. देवाने क्षमा केली असेल तर हे अजून का टोचतंय? आता बहिणीला सांगायलाच हवं का?"

मी धर्मगुरू. कन्फेशनच्या, म्हणजे पापनिवेदनाच्या, पेटीत चाळीसेक वर्षं जाळीच्या या बाजूला बसतोय. सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. इतकी वर्षं ऐकलेल्या गोष्टींतली एकही मी इथे उदाहरण म्हणून देणार नाही, नाव-गाव बदलूनसुद्धा नाही. तशी आम्हाला मुभाच नाही. त्यामुळे दाखला लागला तर तो माझ्या स्वतःच्या आयुष्यातला असेल. तोही फारसा शोभिवंत नाही.

आता तुमचं पत्र. ते मी तीनदा वाचलं. वर मी ते माझ्या शब्दांत मांडलं, पण तुमच्या मूळ पत्रातली क्रियापदं वेगळी आहेत. "सही घेतली गेली." "तसं ठरलं." "व्यवहार होऊन गेला." "तिच्यावर थोडा अन्याय झाला असं वाटतं." पूर्ण पत्रात 'मी' हा शब्द येतो तो कन्फेशनमध्ये सांगितल्याच्या वाक्यात. आपल्या भाषेत ही सोय फार आहे. भांडं फुटतं, दूध उतू जातं, खोटं बोललं जातं, बहिणीचा हिस्सा राहून जातो. "माझ्या हातून चूक झाली" म्हणताना तो हात जणू शेजाऱ्याचा असतो. पेटीत गुडघे टेकून मीही असंच बोललेलो आहे, म्हणून मला ते लगेच ऐकू येतं.

तेव्हा पहिला प्रश्न माझा तुम्हाला: पेटीत तुम्ही नेमकं कोणतं वाक्य म्हणालात? मला तशी शंका आहे म्हणून विचारतो. "जमिनीच्या व्यवहारात थोडं खोटं बोललो" असं म्हणाला असाल, तर ऐकणाऱ्याने प्रायश्चित्त म्हणून चार 'नमो मारिया' प्रार्थना सांगितल्या यात त्याचा दोष नाही. उपवासकाळात, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, बाहेर पन्नास माणसं रांगेत असतात आणि आत एका माणसाला तीन-चार मिनिटं मिळतात. तेवढ्यात 'थोडं खोटं' म्हणजे एकतृतीयांश वाडी आहे हे कोणाला कळणार? १५५१ साली कॅथलिक चर्चच्या त्रेंतच्या धर्मसभेने सांगितलं की गंभीर पाप प्रकार आणि संख्या धरून सांगावं. ते ऐकायला कारकुनी वाटतं. तरुणपणी मलाही वाटायचं. आता वाटतं, त्यात माणसाच्या स्वभावाची चांगली ओळख आहे. आपण नाव देतो ते नेहमी एक नंबर लहान मापाचं देतो.

वाक्य असं हवं होतं: "मी माझ्या सख्ख्या बहिणीला फसवून तिची सही घेतली, आणि तिच्या वाट्याचे पैसे अकरा वर्षं माझ्याकडे आहेत." एकदा घरात, कोणी नसताना, मोठ्याने म्हणून बघा. जीभ कुठे अडखळते ते लक्षात ठेवा.

आणि वाटा किती, हेही सांगतो, कारण आपल्याकडे अजून बरेच जण समजतात की लग्न झालेल्या मुलीचा वाडीवर हक्क म्हणजे भावांची मेहेरबानी. तसं नाही. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल आणि पती-पत्नी दोघंही हयात नसतील तर मुलं-मुली समान वाटेकरी. लग्न झालं की नाही, याला त्यात जागा नाही. तुम्ही तीन भावंडं, म्हणजे बहिणीचा हिस्सा एकतृतीयांश. त्या कागदाच्या नावाकडेही एकदा बघा. हक्क सोडायला आधी हक्क असावा लागतो. ती सोडते आहे हे तिला ठाऊक नव्हतं, ते तुम्हाला ठाऊक होतं.

आता तुमचा मूळ प्रश्न: क्षमा झाली तर टोचतं का?

दोन गोष्टी वेगळ्या करा. मनापासून पश्चात्ताप होता आणि मुद्दाम काही लपवलं नव्हतं, तर पापमुक्ती खरी आहे. ती पुन्हा पुन्हा तपासू नका. मुद्दाम छोटं करून सांगितलं असेल, तर कोणत्याही चर्चमध्ये जाऊन ते पूर्ण सांगा. पण दोन्ही बाबतींत बहिणीचे पैसे बहिणीचेच राहतात. चर्चची शिकवण यात शतकानुशतकं स्पष्ट आहे: पापमुक्ती पाप काढते, पापाने केलेलं नुकसान भरून काढत नाही. चोरलेलं परत करावं लागतं, ज्याचं नाव खराब केलं त्याचं नाव साफ करावं लागतं. पश्चात्ताप, निवेदन आणि भरपाई हे तीन पाय आहेत, आणि आपण बहुतेक जण दोन पायांच्या तिवईवर बसून ती हलते का म्हणून विचारत असतो.

बायबलच्या जुन्या करारात 'गणना' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हे एका दमात सांगितलंय. अपराध्याने आपलं पाप कबूल करावं, घेतलेलं पूर्ण परत करावं, त्यावर पाचवा हिस्सा जास्त घालावा आणि ते ज्याचा अपराध केला त्याला द्यावं. कबुली आणि रक्कम यांच्यात पूर्णविराम नाही. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय आठवा. उंबराच्या झाडावरून उतरलेला बुटका जकातदार येशूसमोर रडला असं लूक कुठे म्हणत नाही. तो आकडे बोलतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. त्यानंतर येशू म्हणतो, या घराला आज तारण मिळालं. तुम्ही शुभ शुक्रवारी 'क्रूसाच्या वाटे'त रडता असं लिहिलंय. रडू नका असं नाही. पण तुमच्या बाबतीत मला रुमालापेक्षा कॅल्क्युलेटरचं महत्त्व जास्त वाटतं.

मराठी पवित्र शास्त्रात योहानाच्या पहिल्या पत्रात एक सुंदर शब्दयोजना आहे: "आपली पापे पदरी घेतली". आपण जर पापं पदरी घेतली, तर देव क्षमा करणारा आहे. ज्याने हे भाषांतर केलं त्याला मराठी माणूस चांगला कळला होता. पदरात घेतलेली वस्तू आपली होते. ती सांभाळून चालावं लागतं, दुसऱ्याकडे सरकवता येत नाही. आपण कन्फेशनला जातो ते पुष्कळदा पदर झटकायला.

प्रोटेस्टंट मंडळींच्या प्रभूच्या प्रार्थनेत मत्तयाचे शब्द आहेत: जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हाला सोड. आम्ही कॅथलिक 'अपराध' म्हणतो, आणि इथे मला शेजाऱ्यांचा शब्द जास्त पटतो. कारण तुमच्या पापाला धनको आहे. तो धनको जिवंत आहे, आणि नाताळात तुमच्याच घरी जेवायला बसतो.

याच कारणाने तुमचं टोचणं मी दुखणं मानत नाही. खरं दुखणंही असतं, आणि ते मी ओळखतो. काही भाविक क्षमा झालेलं तेच तेच पाप घेऊन दर शनिवारी येतात, प्रार्थनेतला एक शब्द चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. येशूसंघाचा संस्थापक, लोयोलाचा संत इग्नाशियस, १५२२ साली स्पेनमधल्या मान्रेसात या पापभीतीने इतका पिळून निघाला की जीव द्यावासा वाटू लागला. अशा माणसाला मी सांगतो, एका फादरांना धरा, ते थांबा म्हणतील तिथे थांबा. आणि गरज दिसली तर मानसोपचाराच्या डॉक्टरकडे पाठवतो. फरक ओळखायची माझी खूण साधी आहे. विचारतो, "उद्या सकाळी उठून करण्यासारखं काही शिल्लक आहे का?" पापभीतीच्या रोग्यापाशी उत्तर नसतं. तुमच्यापाशी आहे, आणि ते तुम्ही पत्राच्या शेवटच्या ओळीत स्वतःच लिहिलंय.

इथे काही जण म्हणतील, मग माणसासमोर सांगायचंच कशाला, देवाला थेट सांगा. माझे अनेक प्रोटेस्टंट मित्र असंच म्हणतात आणि त्यांच्याशी वाद घालण्यात माझी हौस फिटली आहे. ज्याच्यापासून त्यांचा पंथ सुरू झाला तो मार्टिन ल्यूथर स्वतः आयुष्यभर खाजगी पापनिवेदनाला जात राहिला, एवढं मी त्यांना सांगतो. आणि याकोबाचं पत्र 'एकमेकांजवळ' कबूल करा म्हणतं, हे ते मला सांगतात. त्यांचा मुद्दा तुमच्यासाठी जास्त कामाचा आहे. जाळीच्या पलीकडे मी असतो, तुमची बहीण नसते.

ती जाळी तरी काय आहे? पहिल्या शतकांत मोठ्या पापांचं प्रायश्चित्त उघड होतं, सगळ्या मंडळीसमोर, आणि तेही बहुधा आयुष्यात एकदाच. आयर्लंडच्या संन्याशांनी सहाव्या-सातव्या शतकात खाजगी, पुन्हा पुन्हा करता येणारं निवेदन रूढ केलं. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने वर्षातून एकदा तरी जा म्हटलं आणि गुप्तता मोडणाऱ्या धर्मगुरूला कडक शिक्षा लावली. जाळीची पेटी त्यानंतर साडेतीन शतकांनी आली, मिलानचा आर्चबिशप कार्लो बोरोमेओ याच्यामुळे. उद्देश सरळ होता: एकांतात स्त्री आणि पाद्री यांच्यात अंतर राहावं. म्हणजे जाळी मुळात आमच्यापासून तुमच्या संरक्षणासाठी आहे. ते संरक्षण नेहमी पुरलंय असंही नाही. २०१८ साली केरळमध्ये एका चर्चच्या काही धर्मगुरूंवर कबुलीचा वापर करून एका स्त्रीचं शोषण केल्याचे आरोप झाले, तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करावी अशी शिफारस केली. आमच्यातले बरेच जण चिडले. मीही त्या शिफारशीच्या विरोधातच होतो. पण आयोगावर चिडण्याआधी आम्ही खाली मान घालून थोडा वेळ बसायला हवं होतं.

तुम्ही तळटीप घालून विचारलंय, "हे बाहेर तर जाणार नाही?" पेटीतलं जाणार नाही. गुप्तता थेट मोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी आपोआप बहिष्कृत होतो. शिवाय ऐकलेल्या माहितीचा तुम्हाला त्रास होईल असा कसलाही उपयोग करायला आम्हाला बंदी आहे: तुमचं पाप मला ठाऊक असलं तरी सणाच्या कमिटीतून तुमचं नाव मी त्या कारणाने काढू शकत नाही. मात्र हे बंधन माझ्यावर आहे, तुमच्यावर नाही. आपलं पाप तुम्ही कोणालाही सांगू शकता. त्याच मुभेने आता माझं सांगतो.

मी नवा होतो, दुसऱ्याच एका गावात सहायक धर्मगुरू. एका रविवारी मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, दानाचं पाकीट हरवलं. रक्कम आज हसू येईल इतकी, तेव्हा ती एका घराचा महिन्याचा किराणा होती. घंटा वाजवणारे, वेदीची वस्त्रं सांभाळणारे एक काका होते. खोलीची किल्ली माझ्याकडे आणि त्यांच्याकडे. "मी तर ठेवलंच होतं," मी म्हणालो. एवढंच. चोर असा शब्द मी उच्चारला नाही, आणि पुढे कित्येक दिवस या गोष्टीचं मला समाधान होतं. काकांचं काम गेलं. आठ महिन्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर मी रेनकोट काढला, तर आतल्या खिशात पाकीट. ओलसर, कडांना बुरशी, आतल्या नोटा एकमेकींना चिकटलेल्या.

मी कन्फेशनला गेलो, लांबच्या चर्चमध्ये, जिथे मला कोणी ओळखत नव्हतं. म्हातारे फादर होते. मी म्हणालो, "माझ्या निष्काळजीपणामुळे एका माणसावर संशय आला." त्यांनी विचारलं, "संशय आला की तू घेतलास?" मग विचारलं, "त्याला सांगितलंस?" मी म्हणालो, पाकीट मिळालं हे मी मुख्य फादरांना सांगितलंय. ते म्हणाले, "मी त्याचं विचारतोय." प्रायश्चित्त हेच दिलं: जा आणि सांग.

मला तीन महिने लागले. गेलो तेव्हा काका अंगणात जाळं विणत होते. मी "माझी चूक झाली" ने सुरुवात केली आणि पाकीट, पाऊस, रेनकोट असं बरंच बोललो. त्यांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "मला माहीतच होतं, मी घेतलं नव्हतं. हे आत जाऊन हिला सांगा. हिने विश्वास ठेवला होता." तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं की त्या एका वाक्याने मी एका घरात बायकोला नवऱ्याविरुद्ध उभं केलं होतं. मी आत गेलो. बाईंनी माझ्याकडे न बघता ऐकलं, आणि विचारलं, "आणि आठ महिन्यांचा पगार?"

क्षमा मागायला गेलेल्या माणसाला हा प्रश्न कसा लागतो ते विचारू नका. मला राग आला होता, हे खरं सांगतो. परतीच्या वाटेवर एसटीत तो उतरला. मी ते पैसे माझ्या भत्त्यातून थोडे थोडे करून फेडले, दोन वर्षं लागली. त्या बाईंनी मला कधी "माफ केलं" म्हटलं नाही. शेवटचा हप्ता घेतला तेव्हा नोटा मोजून घेतल्या.

म्हणून तुम्हाला सांगतो: हो, बहिणीला सांगायला हवं. आणि रिकाम्या हाताने सांगायचं नाही.

सगळीच पापं अशी सांगायची नसतात. कोणाच्या मनात तिच्याविषयी वाईट विचार आला, तो तिला जाऊन ऐकवण्यात प्रामाणिकपणा नाही. ते आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर देणं आहे. विवाहबाह्य संबंधाची कबुली जोडीदाराला द्यावी का, याला सरसकट उत्तर नाही, त्यासाठी समोर बसून बोलावं लागतं. माझी कसोटी अशी: सांगितल्याने समोरच्याचं काही परत मिळणार आहे का, की फक्त मला हलकं वाटणार आहे? तुमच्या बहिणीला परत मिळण्यासारखं बरंच आहे.

आधी हिशेब करा. बिल्डरकडून काय आलं, कधी आलं, त्याचा तिसरा भाग किती. साडीचे पैसे वजा करू नका. (हसू नका, माणूस करतो.) मग वकिलाकडे जा आणि विचारा, कसं द्यायचं: फ्लॅटचं बक्षीसपत्र, रोख, की दोन्ही, मुद्रांक शुल्क आणि कर काय. गुप्ततेच्या बाबतीत वकील आमच्या जवळपास येतो. थोरल्या भावाशी बोला, पण त्याच्या होकाराची वाट बघत बसू नका. दोघांनी मिळून केलेल्या अन्यायाची जबाबदारी दोघांवर आहे, आणि तो नाही म्हणाला म्हणून तुमचा भाग माफ होत नाही. तुमच्या पत्नीलाही आधी सांगा. तो फ्लॅट तिचंही घर आहे आणि तिला हे बहिणीसमोर कळू नये.

बहिणीकडे एकटे जा. नाताळात नको, सणाला नको, तिच्या सासरच्या माणसांसमोर नको. पहिलं वाक्य "मला माफ कर" हे नसावं. त्या शब्दांनी ती लगेच अडचणीत येते, कारण आपल्याकडे भावाला नाही म्हणायची बहिणींना सवय नसते. पहिलं वाक्य "मी तुला फसवलं" हे असावं. मग कसं ते सांगा, मग आकडा सांगा, मग गप्प बसा. ती बहुधा "राहू दे रे दादा" म्हणेल. ते पहिल्या झटक्याला खरं धरू नका. महिनाभर थांबून पुन्हा विचारा, आणि तरी नको म्हणाली तर तिच्या मुलांचा विचार करायला सांगा. आणि चिडली, नाताळला येणं बंद केलं, तर तो तिचा हक्क आहे. तो तरी तिच्याकडून सोडवून घेऊ नका.

हक्कसोडपत्राची प्रत तुमच्या कपाटात असेल. जाताना ती बरोबर न्या आणि तिला वाचायला द्या. त्या दिवशी कचेरीत तिने ती वाचली नव्हती.